डब्यावरचं नाव आणि बिलातले तास



बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिलेला आहे, ‘विप्रो : एका कंपनीचा इतिहास आणि व्यवहार’. तो वाचून आत आलेल्यांपैकी काहींच्या मनात आलंच असेल, की स्मृतिव्याख्यानाला हा कसला विषय? इथे संतांवर बोलतात, सुधारकांवर बोलतात, फार तर धरणांवर आणि शेतीमालाच्या भावांवर बोलतात. कंपनीवर बोलायला कंपनीची माणसं असतात की! त्यांना त्याचा पगार मिळतो.

शंका रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की गेल्या तीस वर्षांत आपली घरं ज्या गोष्टींनी बदलली त्यांत या माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांचा नंबर फार वरचा आहे. मुलगा हिंजवडीला, सून बंगळूरला, पुतण्या न्यू जर्सीला आणि आजी-आजोबा इथे, अशी किती घरं या सभागृहात आहेत? हात वर करायला सांगत नाही, वेळ जाईल. पण आपल्या मुलाची कंपनी नेमकं काय विकते, असं त्या आजी-आजोबांना विचारून बघा. ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ असं उत्तर येईल. खुद्द मुलाला विचारलं, तर तो इंग्रजी शब्द जास्त वापरेल, उत्तर तेच असेल. ज्या धंद्यावर घर चालतं, तो धंदा घरात कोणालाच सांगता येऊ नये, हे काही बरं नाही.

मग विप्रोच का? टाटा कन्सल्टन्सी कितीतरी मोठी आहे. इन्फोसिसची गोष्ट जास्त रंगवून सांगितली जाते. विप्रो एवढ्यासाठी घेतली, की ती आपल्या शेजारची आहे. अमळनेरची आहे.

आता जळगावच्या श्रोत्यांना अमळनेर काय सांगायचं! साने गुरुजी तिथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. प्रताप शेटजींची कापडगिरणी तिथली, तत्त्वज्ञान मंदिर तिथलं. 2024 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे झालं, तेव्हा ही सगळी नावं भाषणांतून पुन्हा पुन्हा आली. त्याच गावात 29 डिसेंबर 1945 रोजी एक कंपनी स्थापन झाली. नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप करायचं आणि डब्यात भरून विकायचं, हा उद्योग. पुढे याच लांबलचक नावाची अक्षरं उचलून ‘विप्रो’ झालं.

बाजारातला माणूस कुठल्याही धंद्याबद्दल तीन गोष्टी विचारतो. माल काय आहे? भाव कसा ठरतो? आणि वाटा कोणाला किती? आज मी हेच तीन प्रश्न विप्रोला विचारणार आहे. बाकीचा सगळा इतिहास त्यांच्या आधाराने येईल, आणि जो येणार नाही तो अध्यक्षांच्या समारोपासाठी शिल्लक राहील.

पहिला प्रश्न. माल काय?

सुरुवात सोपी आहे. माल डोळ्यांना दिसत होता. खानदेशात भुईमूग पिकत होता, सुरत-भुसावळ रेल्वे गावातून जात होती, आणि देशात साजूक तूप न परवडणारी कोट्यवधी घरं होती. मुंबईच्या व्यापारी घराण्यातले एम. एच. प्रेमजी यांनी हे तिन्ही जुळवलं. वनस्पती तूप करतात कसं? शुद्ध केलेलं तेल तापवायचं, त्यात निकेलची बारीक पूड घालायची आणि दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा. पातळ तेल थंड झालं की तुपासारखं गोठतं. ते डब्यात भरायचं, डब्याला झाळ द्यायची, वर नाव छापायचं. विप्रोच्या डब्यांवर सनफ्लॉवर वगैरे नावं होती. तेल शुद्ध करताना जो उरलासुरला भाग निघे, त्याचा कपडे धुण्याचा साबण व्हायचा. त्याचं नाव 787. वाया काही जाऊ द्यायचं नाही!

इथे एक गंमत सांगतो. सरकारचा एक नियम होता, की प्रत्येक वनस्पती तुपात 5 टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे. का? तर तिळाच्या तेलात एक असा घटक असतो, की ठरावीक आम्ल आणि रसायन घातलं की लाल रंग उमटतो. म्हणजे कोणी साजूक तुपात वनस्पती मिसळलं, की प्रयोगशाळेत चोरी पकडली जाई. लक्षात घ्या, गिऱ्हाईक काही डब्यात डोकावून तेलाचे रेणू मोजू शकत नाही. त्याला खात्री हवी असते, आणि ती खात्री तिसऱ्या माणसाला तपासून बघता आली पाहिजे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे अमेरिकेत तीच कामाला येणार आहे.

आता नावाची बाजू बघा. त्या काळात दुकानात जाऊन लोक काय मागायचे? डालडा! डबा कोणाचा का असेना, तोंडात शब्द डालडा. अमळनेरच्या कंपनीचा माल चांगला खपत होता, पण त्या पदार्थाला प्रतिस्पर्ध्याचं नाव चिकटलं होतं. स्वतःच्या नावासाठी झगडणं या कंपनीच्या नशिबी पहिल्यापासून होतं.

1966 च्या ऑगस्टमध्ये एम. एच. प्रेमजी अचानक गेले. मुलगा अझीम 21 वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. कंपनीचा आणि त्याचा जन्म एकाच वर्षातला. तो शिक्षण अर्धवट टाकून परत आला. पहिल्याच वार्षिक सभेत एक भागधारक उभा राहिला आणि सर्वांसमक्ष म्हणाला, की या पोराला कंपनी झेपणार नाही, विकून मोकळं व्हावं. हा प्रसंग पुढे प्रेमजींनीच अनेकदा सांगितला आहे. अर्धी राहिलेली ती पदवी त्यांनी तीसेक वर्षांनी, जगातल्या मोठ्या श्रीमंतांत गणना होऊ लागल्यावर, पूर्ण केली.

त्या पोराने काय केलं? माल बदलला. एकदा नाही, वारंवार. 1975 च्या सुमारास हायड्रॉलिक सिलिंडर करायला घेतले, म्हणजे जेसीबीसारख्या यंत्रांचे हात ज्यांवर हलतात ते. मग 1977 साल आलं. जनता सरकार, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस. परकीय कंपन्यांनी भारतातल्या धंद्यातली आपली मालकी 40 टक्क्यांवर आणावी, असा कायद्याचा आग्रह होता. कोका-कोलाने गाशा गुंडाळला, पाठोपाठ आयबीएमने गुंडाळला. कोका-कोला गेल्यावर शीतपेयं करणारे पुढे आले. आयबीएम गेल्यावर देशात संगणक कोण करणार?

तुपाचे डबे भरणारी कंपनी म्हणाली, आम्ही करतो!

हसू नका, तेव्हाही लोक हसलेच असतील. विप्रोने बंगळूरला इंजिनिअर जमवले. श्रीधर मिट्टा संशोधनाचं बघत होते, पुढे अशोक सुटा या धंद्याचे प्रमुख झाले. बंगळूरच का? भारतीय विज्ञान संस्था तिथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्स तिथे, भारत इलेक्ट्रॉनिक्स तिथे, इस्रो तिथे. शिकलेली आणि हाताने काम केलेली माणसं त्या गावात होती. पुण्यात 1981 साली सुरू झालेली इन्फोसिससुद्धा दोन वर्षांत बंगळूरला गेली. महाराष्ट्राचं सगळं बाहेर जातं, असं गाऱ्हाणं घालायला मी आलेलो नाही. पण कारखान्याला जमीन देणं आणि प्रयोगशाळांना चाळीस वर्षं पोसणं यांत काय फरक आहे, तो इथे दिसतो.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला विप्रोचा मिनिकॉम्प्युटर बाजारात आला. प्रोसेसर इंटेलचा 8086, बाकी जुळणी, रचना, सॉफ्टवेअर यांत आपल्या इंजिनिअरांचा हात. यंत्रावर नाव विप्रोचं. एवढ्यावर थांबले नाहीत. तेव्हा जगभर हिशोबाच्या तक्त्यांसाठी लोटस 1-2-3 नावाचं सॉफ्टवेअर चाले. विप्रोने स्वतःचं काढलं, नाव ठेवलं विप्रो 456! नावातच आव्हान होतं. दशकाच्या मध्याला चंदन-हळदीचा संतूर साबणही आला. तूप, साबण, सिलिंडर, संगणक, सॉफ्टवेअर, सगळ्यांवर आपलं नाव.

मग 1991 उजाडलं. डॉ. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला, आयातीच्या भिंती खाली आल्या. परदेशी संगणक देशात येऊ लागले आणि भिंतीच्या आडोशाने वाढलेल्या देशी संगणकाचं कठीण झालं. विप्रो 456 ला तर त्याआधीच मोठा बाजार मिळाला नव्हता. सॉफ्टवेअर लिहिणं एक, ते जगभर विकणं दुसरं. त्याला जाहिरात लागते, दुकानं लागतात, गिऱ्हाइकाच्या दाराशी वर्षानुवर्षं बसावं लागतं. तेवढं भांडवल कोणाकडे होतं?

भांडवल नव्हतं, पण माणसं होती. संगणक आतून-बाहेरून रचलेले शेकडो इंजिनिअर. त्यांचं करायचं काय? विप्रोने ठरवलं, ही प्रयोगशाळाच भाड्याने द्यायची. परदेशी टेलिकॉम कंपन्यांना, चिप बनवणाऱ्यांना सांगितलं, की तुमच्या मालाची रचना आमचे लोक करतील. माल तुमचा, पेटंट तुमचं, नाव तुमचं. आम्हाला कामाचे पैसे द्या.

मंडळी, विप्रोच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. आपल्या नावाने माल विकणारी कंपनी दुसऱ्याच्या नावाचं काम करू लागली, आणि नेमकी तेव्हाच ती अफाट वाढली. हे चुकलं का? मला नाही वाटत. 1991 साली हातात जे होतं त्यातून हाच रस्ता निघत होता, आणि त्या रस्त्याने लाखो घरांत चूल नीट पेटली. पण रस्ता कोणता धरला हे विसरता कामा नये, कारण पुढचे दोन प्रश्न त्याच रस्त्यावर उभे आहेत.

दुसरा प्रश्न. भाव कसा ठरतो?

डब्याचा भाव किलोवर ठरतो. दुसऱ्याच्या कामाचा भाव कशावर ठरणार? तासांवर. या धंद्याचं पोट इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा, अमेरिकेतल्या एका बँकेला आपली जुनी कर्जखात्यांची प्रणाली सांभाळायची आहे. दहा माणसांचं काम. स्थानिक माणसं ठेवली तर महाग पडतात. विप्रो म्हणते, आम्ही तिघे तुमच्या कार्यालयात बसवतो, सात जण भारतात बसतील. तिघे ऑनसाइट, सात ऑफशोअर. उदाहरणापुरते आकडे घेऊ : तिथल्या तासाला 70 डॉलर, इथल्या तासाला 25 डॉलर. बँकेचे पैसे वाचतात. अमेरिकेत रात्र झाली की इथे दिवस उगवतो, म्हणून काम चोवीस तास हलत राहतं. महिनाअखेर बिल जातं. त्या बिलात काय असतं? माणसं, तास, दर. यंत्राचं नाव नाही, शोधाचं नाव नाही. बिलात तुमच्या मुलाचंही नाव फार तर हजेरीपुरतं. त्याला तिथे रिसोर्स म्हणतात.

आता नफा कुठून येतो? बँक देते तो दर आणि माणसाचा पगार यांतला फरक म्हणजे नफा. तो वाढवायचे मार्ग दोन. एक, जास्तीत जास्त माणसं सतत बिलावर ठेवायची. ज्याच्याकडे प्रोजेक्ट नाही तो बेंचवर. त्याचा पगार चालू, बिल बंद. म्हणून बेंचवरच्या मुलाची झोप उडते आणि त्याच्या मॅनेजरचीही. दुसरा मार्ग, कामाचा मनोरा खाली रुंद ठेवायचा. वर एक अनुभवी, महाग माणूस. मध्ये दोन-तीन जाणते. खाली नव्याने भरती झालेली पोरं, ज्यांना फ्रेशर म्हणतात. बँकेला दर लागतो सगळ्यांचा सरासरी, पण खालच्या थराचा पगार कमी. दरवर्षी खाली नवी भरती झाली नाही, तर मनोरा वरून जड होतो आणि नफा आटतो. दरवर्षी कॉलेजांत कंपन्यांच्या भरतीचे मांडव का पडत होते, ते आता कळलं असेल!

पण एक गाठ अजून सुटलेली नाही. अमेरिकेतल्या त्या बँकेने बंगळूरच्या, तेही मुळात तूप करणाऱ्या कंपनीवर भरवसा ठेवावा तरी का? गिऱ्हाईक डब्यात डोकावू शकत नाही, हे आठवतं ना? सॉफ्टवेअरमध्ये तर अजिबातच नाही.

इथे विप्रोने जे केलं त्याला मी त्यांचं खरं कर्तृत्व मानतो. त्यांनी काम करण्याची पद्धतच तपासून घ्यायला ठेवली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने सॉफ्टवेअर करणाऱ्या संस्थांसाठी पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी केली होती, तिचं नाव सीएमएम. पहिल्या पायरीवर सगळा कारभार हुशार माणसाच्या मर्जीवर. पाचव्या पायरीवर प्रत्येक चूक मोजलेली, तिचं कारण शोधलेलं आणि पद्धतच अशी बदललेली, की ती चूक पुन्हा होऊ नये. 1990 चं दशक संपता संपता विप्रो या पाचव्या पायरीवर पोचली. सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपन्यांत जगात पहिली! कारखान्यांसाठी काढलेली सिक्स सिग्मा पद्धत त्यांनी 1997 पासून सॉफ्टवेअरला लावली. कोणी लिहिलेला कोड दुसऱ्याने ओळीओळीने वाचायचा. सापडलेल्या चुकीची नोंद करायची. चूक मागणी समजून घेताना झाली, आराखडा करताना झाली की लिहिताना झाली, ते त्या नोंदीत लिहायचं. काही महिन्यांनी त्या नोंदी पुढ्यात घेऊन बसायचं. कंटाळवाणं काम! पण तिळाच्या तेलासारखंच, तिसऱ्या माणसाला तपासता येईल असं.

भारतीय माणूस जुगाडू असतो, असं आपणच कौतुकाने सांगतो. या धंद्यात भारत जगभर पोचला तो जुगाड सोडून, नोंदवह्या भरून. हे आपण आपल्या मुलांना सांगत नाही.

याच पद्धतीला जोडून आणखी एक गोष्ट केली, तिचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. 1995 पासून विप्रोने बीएस्सी झालेली मुलं घेतली, नोकरी करता करता बिट्स पिलानीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांना दिला. इंजिनिअरिंगची फी ज्या घरांना झेपत नव्हती, त्या घरांतल्या मुलांना त्यातून दार उघडलं. कंपनीला स्वस्तात टिकाऊ माणूस मिळाला, हे खरं. मुलाला पदवी आणि पगार मिळाला, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं असू शकतं.

मग 2000 सालचा वायटूके आला, जुन्या प्रणालींत वर्षाचे दोनच आकडे असल्यामुळे उडालेली धांदल. जगाला तासांची गरज पडली आणि तास आपल्याकडे मुबलक होते. ऑक्टोबर 2000 मध्ये विप्रोचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदला गेला. पुढचं भराभर सांगतो. कॉल सेंटरची कंपनी विकत घेतली, बँकांना सल्ला देणारी कॅप्को 2021 मध्ये 145 कोटी डॉलरना घेतली, मुख्य अधिकारी आले आणि गेले. 2018 मध्ये एचसीएलने उत्पन्नात विप्रोला मागे टाकलं.

आता एका वर्षाचा हिशोब. 2024-25 या वर्षाचं उत्पन्न सुमारे 89 हजार कोटी रुपये, माणसं सुमारे 2 लाख 33 हजार. भागाकार करा. माणशी वर्षाला साधारण 38 लाख रुपये. नफा 13 हजार कोटींच्या वर, म्हणजे माणशी साडेपाच लाखांहून थोडा जास्त. सगळे कर्मचारी सारखे नसतात, परदेशातले पगार डॉलरमध्ये जातात, हे धरूनच हा आकडा वाचायचा. पण वाचायचा जरूर. कारण 2023 च्या फेब्रुवारीत काय झालं ते आठवा. वर्षाला साडेसहा लाखांचं पत्र हातात घेऊन वाट बघत बसलेल्या नव्या मुलांना विप्रोने विचारलं, साडेतीन लाखांवर येता का? लवकर रुजू करून घेतो. बाजार मंद होता, पोरं अडलेली होती. साडेतीन लाख हा काही विप्रोचाच शोध नाही. फ्रेशरचा पगार या सगळ्याच धंद्यात पंधराएक वर्षं त्याच आसपास घुटमळतो आहे. मधल्या काळात पुण्यातलं घरभाडं किती झालं? ते तुम्हीच भरता, मी काय सांगू!

तिसरा प्रश्न. वाटा कोणाला?

इथे पुन्हा अमळनेरला जावं लागतं.

वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सने पहिल्यापासून लोकांना भाग विकले होते. अमळनेरातल्या अनेक घरांनी घेतले. कोणी कारखान्यात कामाला, कोणी व्यापारी, कोणी शेतकरी. आता एक गणित करू. 1980 साली कोणाकडे विप्रोचे 100 शेअर आहेत, असं धरा. दर्शनी किंमत 100 रुपये, म्हणजे दर्शनी भावाने 10 हजार रुपये. ही रक्कम लहान नव्हती बरं का! पुढच्याच वर्षी सुधा मूर्तींनी दिलेल्या 10 हजारांत इन्फोसिस सुरू झाली. तर, हे 100 शेअर त्या माणसाने विकले नाहीत. एकावर एक बोनस मिळाला, पुन्हा मिळाला, शेअरचे तुकडे झाले, एकाचे दहा, एकाचे पाच. 2010 पर्यंत त्या 100 चे 96 लाख शेअर झाले. 2017 मध्ये एकास एक बोनस, 2019 मध्ये तिनास एक, 2024 मध्ये पुन्हा एकास एक. आज होतात 5 कोटी 12 लाख शेअर. भाव 250 रुपये धरा. 1,280 कोटी रुपये! लाभांश वेगळा.

अमळनेरला करोडपतींचं गाव म्हणून वर्तमानपत्रवाले येऊन गेले, ते यामुळे. त्या बातम्यांतून एक बोध हमखास काढला जातो : धीर धरा, शेअर विकू नका. बोध ठीक आहे, पण अपुरा आहे. ज्याने मुलीच्या लग्नाला किंवा विहिरीला 1985 साली शेअर विकले त्याला नावं ठेवायचं कारण नाही, आणि ज्याच्याकडे 1980 साली 10 हजार नव्हतेच, त्याला धीर शिकवण्यात काय अर्थ? शिवाय तेव्हा देशात किती कंपन्या बुडाल्या, त्यांचे शेअर जपून ठेवणाऱ्यांची गोष्ट छापायला कोणी येत नाही.

माझ्या मते या गणिताचा अर्थ दुसरा आहे. अमळनेरात ज्याच्याकडे त्या कंपनीतला भाग होता, तो तासाचा दर किती हे न विचारता वाढला. हिंजवडीत ज्याच्याकडे फक्त तास आहेत, तो तासाच्या दराबरोबर वर-खाली होतो. दोघांनी एकाच कंपनीला काही ना काही दिलं, एकाने बचत, दुसऱ्याने आयुष्याची वर्षं. वाट्यात केवढा फरक पडला! इन्फोसिसने 1990 च्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर वाटले, तेव्हा पगारदारालाही मालकीची चव कळली होती. ती रीत या धंद्यात खालपर्यंत का टिकली नाही, हा प्रश्न कोणत्या कॉलेजच्या भरतीत कोणी विचारतो का?

आता मालकाच्या वाट्याचंही बोललं पाहिजे, नाही तर अन्याय होईल. कंपनीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग प्रेमजींकडे आणि त्यांच्या संस्थांकडे. 2019 च्या मार्चमध्ये त्यांनी आणखी 34 टक्के शेअरांचं उत्पन्न दानाला लावलं. एकूण झालं 67 टक्के, तेव्हाच्या भावाने सुमारे 1 लाख 45 हजार कोटी रुपये. ते अझीम प्रेमजी फाउंडेशनकडे जातात, सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर काम होतं, विद्यापीठ चालतं. त्याच वर्षी जुलैअखेर ते अध्यक्षपदावरून उतरले आणि मुलगा रिशद आला. भारतात हयातीत एवढं देणारा उद्योगपती मला तरी दुसरा दाखवता येत नाही. म्हणजे त्या बिलातल्या तासांचा एक मोठा हिस्सा फिरून कुठल्यातरी खेड्यातल्या शाळेत पोचतो. याचं कौतुक मनापासून करायचं. आणि तरीही विचारायचं, की दानाचा वाटा ठरवणारा एक असतो, तास देणारे लाखो असतात, त्यांचा वाटा कोण ठरवतो? दानाने हा प्रश्न मिटत नाही. तो मिटवणं हे दानाचं कामही नाही.

श्रोतेहो, तीन प्रश्न झाले. आता थोडं पुढचं बोलतो.

2022-23 पासूनच्या तीन वर्षांचे विप्रोच्या उत्पन्नाचे आकडे लागोपाठ ठेवा. 2022-23 मध्ये साधारण 90,500 कोटी. पुढच्या वर्षी 89,800. त्याच्या पुढच्या वर्षी 89,100. दर वर्षी पाऊल थोडं मागे. बाजारात मंदी आहे, हे कारण आहेच. पण दुसरं एक कारण दाराशी येऊन उभं आहे. कोड लिहिणारी, चाचण्या करणारी, तक्रारींना उत्तरं देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. दहा माणसांचं काम सहा जणांत होत असेल, तर बँक दहा जणांच्या तासांचे पैसे का देईल? टाटा कन्सल्टन्सीने 2025 मध्ये 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करत असल्याचं सांगितलं, तेव्हा अनेक घरांत जेवताना शांतता पसरली असेल. तास विकणाऱ्याचं काम तासांपेक्षा लवकर होऊ लागलं, की त्याचा भावच हरवतो.

मग पुढे काय? भविष्य सांगायला मी ज्योतिषी नाही. पण या कंपनीचा इतिहास एक सांगतो. तुपाचा धंदा चालू असताना तिने सिलिंडर हाती घेतले. दोन्ही चालू असताना संगणक घेतला. जुना माल संपायच्या आधी तिने नवा माल हुडकला. आता गंमत बघा. 2013 मध्ये विप्रोने साबण, दिवे, सिलिंडर हा सगळा जुना संसार वेगळा काढला, विप्रो एंटरप्रायझेस या निराळ्या कंपनीत ठेवला. शेअर बाजारात राहिली ती फक्त तंत्रज्ञानाची कंपनी. आणि आज तुम्ही कुठल्याही खेड्यातल्या दुकानात गेलात, तर विप्रोच्या घराण्यातली कुठली वस्तू नाव घेऊन मागितली जाते? संतूर साबण! देशात सर्वाधिक खपणाऱ्या साबणांत तो आहे. सव्वादोन लाखांवर कर्मचाऱ्यांच्या कामाला बाजारात स्वतःचं नाव नाही, साबणाच्या वडीला आहे.

मी साबणाला हसत नाही. मी म्हणतो, स्वतःच्या नावाने माल करायची धमक या घराण्यात होती आणि आहे. विप्रो 456 पडलं, कारण तेव्हा भांडवल नव्हतं, बाजार नव्हता. आज भांडवल आहे, बाजार ठाऊक आहे, नोंदवह्या भरायची शिस्त अंगात मुरली आहे. आता जर आपल्या नावाचा माल होत नसेल, तर कारण परिस्थितीत शोधता येणार नाही. सवयीत शोधावं लागेल. महिनाअखेर नक्की येणाऱ्या बिलाची सवय फार गोड असते. कंपनीला असते, तशी आपल्यालाही असते. महिनाअखेर येणाऱ्या पगाराबद्दल बोलतोय मी.

इथे बसलेल्या तरुण मुलामुलींना शेवटी एवढंच सांगतो. नोकरी जरूर करा. या कंपन्यांनी शिकवलेली शिस्त अंगी बाणवा, ती जन्मभर पुरेल. पण आत शिरताना तीन प्रश्न खिशात ठेवा. माझ्या हातून जो माल होतो तो काय आहे? त्याचा भाव कसा ठरतो? आणि त्यात माझा वाटा काय? उत्तर आवडलं नाही तरी चालेल, पण ते माहीत असू द्या. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. तुमचा आजोबा कापूस घेऊन बाजारात गेला, तर आधी काटा बघायचा, मग भाव विचारायचा, आणि पट्टी हातात पडल्याशिवाय बैल जुंपायचा नाही. ऑफर लेटरवर सही करताना नातवाने निदान तेवढं तरी करावं.